उपळावरची पावलं

"पाय जपून टाक गं पोरी, खाली कुणाचं तरी घर हाय!"

धुक्यातून आवाज आला आणि माझा उचललेला पाय हवेतच राहिला. श्रावणात जाखणीच्या सड्यावर धुकं असं दाटतं की हातातली वही दिसते, पण वहीतलं अक्षर दिसत नाही. मी पायाखाली पाहिलं. गवत, चिखल, चिखलात साचलेलं पाणी. घर कसलं नि कुणाचं!

"मामी, आहेस कुठं तू?"

"हितंच. म्हशीच्या पल्याड."

हळूहळू एक काळी पाठ उमटली, मग शिंगं, आणि शिंगांच्या मधून सगुणामामीचं ओलं, हसरं तोंड. डोक्यावर इरलं, हातात काठी.

"मला सांगतेस जपून चाल," मी म्हटलं, "आणि तुझ्या चौदा म्हशी चालतात त्यांचं काय? त्यांनाही सांग की."

"म्हशी घरं बांधत्यात," ती म्हणाली. "मोडतंय ते माणूस."

तिच्या मागून जानूमामा आला. खांद्यावर घोंगडी, घोंगडीवर धुक्याचे थेंब.

"अगं, तिला काय शिकवतीस? ती बीएस्सी हाय. बेडकाची नाडी बघती ती."

"मापं घेते मामा. नाडी नाही बघत."

"म्हंजे शिंपीण झालीस म्हण की. अंगरखं शिवणार हायस व्हय बेडकास्नी?"

मामी हसली. म्हशीनंही फुर्र केलं. मी रागावल्यासारखं केलं आणि वही मामीच्या इरल्याखाली धरून त्यांच्या सोबतीनं चालू लागले.

त्या वर्षी मी एकवीस वर्षांची होते. आमचं गाव धारवळे, घाटमाथ्याच्या अगदी कडेला, आणि गावाच्या डोक्यावर हा सडा. मैलभर पसरलेला जांभ्याचा कातळ. सड्याच्या टोकाला एकच घर होतं, जानू झोऱ्याचं. गवळी धनगर. आई त्यांच्याकडून तूप आणायची, म्हणून मी लहानपणापासून त्यांना मामा-मामी म्हणायची. त्यांना मूलबाळ उशिरा झालं, एकच मुलगा. तोवर मी त्यांच्या चुलीपाशी बसून साय खाल्ली आणि मामीकडून ओव्या शिकले. माझी वही त्या काळात दोन्हीकडून भरत चालली होती. पुढून बेडूक, मागून ओव्या.

बेडूक म्हणजे सरांचे बेडूक. निगुडकर सर शहरातल्या एका संस्थेचे. दोन पावसाळे आमच्या शाळेच्या एका खोलीत राहून ते सड्यावर फिरत होते. सड्यावर अंगठ्याच्या नखाएवढी एक बेडकी होती, जांभ्याच्या रंगाची, पाठीवर हळदीचं बोट ओढल्यासारखा पट्टा. तिन्हीसांजेला ती टिकटिकायची. काशाच्या वाटीवर नखानं टिचकी मारावी तसा आवाज. एकीनं सुरू केलं की दुसरी, मग तिसरी, मग सगळा सडाच वाजू लागायचा. ही बेडकी जगात दुसरीकडं कुठं नाही, असं सर सांगायचे. आणि 'कुठं नाही' म्हणताना आवाज खाली आणायचे, पाळण्यात कुणी झोपलं असावं तसा.

मी त्यांची मदतनीस. सकाळी सड्यावर जायचं, अंडी शोधायची, प्रत्येक सापडलेल्या ठिकाणासाठी एक छापील कागद भरायचा. कागदावर एक प्रश्न होता : अंडी कुठं? पुढं तीन चौकोन. कातळातला खळगा. डबकं. ओहोळ. एकावर खूण करायची.

पहिल्याच आठवड्यात मी सरांना विचारलं होतं, "सर, हे म्हशीच्या खुरात साचलेलं पाणी आहे. हे कशात धरू?"

"डबक्यात धर," सर म्हणाले होते. "छोटं डबकंच ते."

मी डबक्यावर खूण केली. तेव्हा ते खरंच तसं वाटलं होतं.

सड्याच्या मध्यावर उपळ होतं. उपळ म्हणजे कातळाच्या पोटातलं पाणी पाझरून वर येतं ती जागा. तिथं कातळावर हातभर माती साचलेली, कायम ओली. बेडक्या जास्त करून तिथंच. एकदा मामी त्या ओलीच्या कडेला उभी होती, म्हशी चांगल्या लांब, मामी पुढं सरकायला तयार नाही.

"मामी, इथं चांगलं गवत आहे की. म्हशी का नाही आणत?"

"आता न्हाई. आषाढ सरता सरता आनायच्या, दोन दिस नाचू द्यायच्या. मग म्हैनाभर हिकडं फिरकवायचं न्हाई."

"का?"

"सासूनं सांगितलं. तिला तिच्या सासूनं. ओल्या जाग्याचं बाळंतपण असतंय म्हैनाभर."

आणि तिनं गुणगुणल्यासारखं म्हटलं :

*म्हैस गेली फुडं, मागं पाऊल ओलं ऱ्हाई*
*ओल्या पावलात निजं बाळंतीण बाई*

मी वही उलटी केली आणि मागच्या बाजूला ओवी उतरवून घेतली. पुढच्या बाजूशी तिचं काही नातं असेल, हे त्या दिवशी माझ्या बीएस्सीला सुचलं नाही.

नारळी पौर्णिमेच्या आसपासची गोष्ट. सर आवाज टिपायचं यंत्र घेऊन तिन्हीसांजेला उपळापाशी बसले होते, अंगात नवाकोरा पिवळा रेनकोट. मी शेजारी. मामाच्या म्हशी परतत होत्या. तो पिवळा रंग हलला आणि एक पारडी बुजली. शेपूट वर करून थेट उपळात घुसली. मागोमाग मामा ओरडत धावला, तिला वळवून घेऊन गेला. सगळं मिनिटभरात झालं. सरांनी यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चिखलात एक बेडकी सापडली, चपटी झालेली.

त्यांनी ती तळहातावर घेतली. माणूस वाईट नव्हता. त्यांचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं.

"शालन, असं रोज होत असणार. आपल्याला दिसत नाही एवढंच."

"काल ती पारडी बुजली होती सर, म्हणून..."

"म्हशी हव्यातच कशाला इथं?" ते म्हणाले. मग स्वतःशीच, "कुंपण. कुंपणाशिवाय वाचत नाहीत या."

पुढचं सगळं भराभर झालं. संस्था सडा तीस वर्षांच्या करारानं गावाकडून घेणार, भोवती तारेचं कुंपण घालणार, बदल्यात गावाला नळाचं पाणी देणार. झोऱ्यांना खाली रस्त्याकडेला घर. सोमवारी देवळात गावसभा ठरली. गावाला नळ हवा होता. जानूमामाला कुणी काही विचारलं नाही. त्याला बातमी आमच्या आईनं सांगितली, तूप आणायला गेली तेव्हा.

"चौदा म्हशी रस्त्याकडंला बांधू कशा?" मामानं आईला विचारलं म्हणे. "ट्रकच्या टपावर चारू व्हय?"

त्याच आठवड्यात मला पाहुणे बघायला येणार होते. मुलगा वडगावात कापडाच्या दुकानात होता. मला लग्न नको होतं. मला सडा हवा होता. आई म्हणाली होती, "संस्थेत कायमची जागा मिळाली तर पाहुण्यांना नको म्हणून कळवते. न्हाईतर माझ्याकडं दुसरं कारण न्हाई सांगायला."

सभेच्या आदल्या दिवशी, रविवारी, दिवस उजाडायच्या सुमारास मी एकटीच उपळावर गेले. का गेले? ओवी डोक्यात घोळत होती एवढंच म्हणता येईल. गुडघ्यावर बसले आणि मोजायला लागले. छापील कागद नेलाच नव्हता. एका खुरात पाणी, पाण्यात साबुदाण्यासारखे मणी, मण्यात काळा ठिपका. दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात ठिपक्यांना शेपट्या फुटलेल्या. खूर खोल, काठ उभे, त्यामुळं पाणी टिकलेलं आणि मोठा किडा आत शिरत नव्हता. उन्हाच्या आधी मी कातळावरचे खळगेही पाहिले. तिथं तीनच ठिकाणी अंडी होती, दोन ठिकाणी पांढरी पडलेली, तिसऱ्यात चतुराची अळी बसून खात होती.

एक्केचाळीस ठिकाणं. अडतीस म्हशीच्या पावलात.

धुक्यात कुठंतरी म्हशीच्या गळ्यातली घाट वाजली, एकदाच, आणि थांबली. मी वही उलटी केली. ओवीच्या खाली दोन आकडे लिहिले. चिखलानं ते पान अजून डागाळलेलं आहे.

तशीच शाळेवर गेले. धापा टाकत. सर टेबलाशी बसले होते, पुढं माझेच कागद.

"ये, ये! तुझ्याच नोंदी वाचतोय. काय नेटक्या आहेत. उद्या तू उभं राहून सांगायचंस. मी बोललो तर शहरातला माणूस बोलतो म्हणतील. गावची मुलगी बोलली की गाव ऐकतं." मग त्यांनी कागदांखालून एक लिफाफा काढला. "आणि हे आलंय. तुझी नेमणूक. करार झाला की मी सही करतो. कायमची, बरं का. सड्याची राखणदार तूच."

लिफाफ्यावर माझं पूर्ण नाव टाइप केलेलं होतं. माझं नाव टाइप केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"काही सांगायला आली होतीस?"

"नाही सर. छत्री विसरले होते काल."

छत्री माझ्या हातात होती. सरांनी ती पाहिली नाही, किंवा पाहून सोडून दिलं.

सोमवारी देवळात माणूस मावत नव्हतं. पुरुष पुढं, बायका खांबापलीकडं. जानूमामा दाराशी उकिडवा बसला होता, मामी त्याच्या मागं उंबऱ्याला टेकून. सर थोडकं बोलले आणि छान बोलले. मग सरपंच आबा माझ्याकडं वळले.

"शालन, तू रोज वर असतीस. तू सांग. ही बेडकी अंडी घालती तरी कुठं?"

वर कौलावर पाऊस. मी उभी राहिले. हातात वही होती, ती उलटी करायला एक क्षण पुरला असता.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. जानूमामा उठला होता.

"आबा, म्या सांगतो. ती बेडकी..."

मामीनं मागून त्याच्या घोंगडीचं टोक धरलं आणि एवढ्या जोरानं ओढलं की तो धपकन खाली बसला. पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "बायकोला इचारून उठावं जानूबा!" मामा चमकून मागं वळला. मामीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती माझ्याकडं पाहत होती. सरळ, पापणी न हलवता.

मला वाटलं, ती घाबरली. एवढ्या गावापुढं नवऱ्यानं तोंड उघडू नये म्हणून तिनं त्याला बसवलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

"डबक्यात," मी म्हटलं.

"आणि म्हशी त्या डबक्यात जात्यात?"

"जातात."

दोनच शब्द. दोन्ही खरे. खोटं मी एकही बोलले नाही.

दसऱ्याच्या आत तारा आल्या. झोरे खाली उतरले त्या दिवशी मी सरांबरोबर खांब मोजत होते. म्हशी सड्यावरून उतरायला तयार नव्हत्या. मामा पुढून हाका मारत होता, मामी मागून. हिरी नावाची थोरली म्हैस कुंपणाच्या नव्या फाटकाशी अडून बसली आणि मामा तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिला, मग ती उठली. त्यानं माझ्याकडं पाहून हात केला. "येत जा गं तुपाला," म्हणाला.

मी गेले नाही. पहिल्या वर्षी कामं होती. नंतर लाज होती. नंतर नुसतंच जायचं राहिलं. त्यांच्या म्हशी एकेक करून गेल्या हे मला आईकडून कळायचं.

कुंपणानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सडा दणाणून वाजला. सरांनी मला पेढा दिला. दुसऱ्या वर्षी उपळावर गवत कमरेएवढं झालं, फार देखणं. सरांनी फोटो काढले. जुने खूर गाळानं भरत आले. नवे कोण उमटवणार? तिसऱ्या वर्षी टिकटिक तुटक ऐकू यायची, लांबून, एक इथं एक तिथं, लग्नघर पांगल्यावर उरलेल्या पाहुण्यांसारखी. पाचव्या वर्षी सर यंत्र घेऊन लागोपाठ नऊ संध्याकाळ बसले. यंत्रात फक्त पाऊस आला.

"हवामान," सर शेवटी म्हणाले. "हवामान बदलतंय, शालन. आपण उशीर केला."

ते तसंच अहवालात गेलं. टाइप मी केलं.

सर निवृत्त झाले. मी आहे. फाटकावर बेडकीचं चित्र आहे, म्हशीएवढं मोठं. शाळांच्या सहली येतात. मुलांना मी उपळाच्या काठावर उभं करते, गप्प राहायला सांगते आणि मोबाइलवर टिकटिक लावते. मुलं गवताकडं बघतात. एखादं विचारतं, "बाई, दिसत का नाहीत?" मी म्हणते, "लाजतात."

गेल्या माघात जानूमामा गेल्याचं कळलं, तेही महिन्याभरानं. मी गेले. मामी आता तालुक्याच्या गावी मुलाकडं, बाजारामागं दोन खोल्या. दारात एक शेळीसुद्धा नाही. ती पलंगावर बसली होती, हात मांडीवर उताणे ठेवून. म्हशी पिळायचे हात ते.

"शालन व्हय गं? केस पिकलं तुझं."

"पिकले मामी."

"लगीन?"

"नाही केलं."

"बरं केलंस," ती म्हणाली. मग थोडं थांबून, सहज विचारावं तसं, "बेडक्या हायेत न्हवं?"

मी मोबाइल काढला. सहलींना लावते ते कापलेलं ध्वनिमुद्रण त्यात होतं. मूळ लांबडं टिपणही माझ्याकडं होतं, सरांनी ज्यातून 'गोंगाट' काढून टाकला होता ते. कुणाला कधी ऐकवलं नव्हतं. मी ते लावलं.

पाऊस. टिक्. टिक् टिक्. मग दहा, मग शंभर. मामीनं डोळे मिटले. मग लांबून घाट वाजली, खुरांची धावपळ, आणि त्या सगळ्यावरून जानूमामाचा आवाज, तरणा, धापलेला :

"आगं ए, माघारी फिर! तिकडं बाळंतीण हाय!"

मामीनं डोळे उघडले. हात लांब करून मोबाइलवर ठेवला, जनावराच्या कपाळावर ठेवावा तसा. आवाज संपेपर्यंत काढला नाही.

"हे कवाचं?"

"त्याच श्रावणातलं. पारडी बुजली होती बघ."

"म्हंजे आता न्हाईत."

"नाहीत मामी. अठरा वर्षं झाली."

बाहेर बाजारात कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मामी, मला ठाऊक होतं. सभेच्या आदल्या दिवशी उपळावर जाऊन मी मोजलं होतं. एक्केचाळीसातली अडतीस तुमच्या म्हशींच्या पावलात होती. मी बोलले नाही."

ती रडली नाही, रागावली नाही. मोबाइल उचलून माझ्या हातात दिला.

"ठावं हाय."

"काय?"

"म्हशीआड उभी हुते मी. तू चिखलात गुडघं रुतवून एकेक पाऊल मोजत हुतीस. हिरीची घाट वाजली, म्या मुठीत धरली, तुझी मोजदाद चुकू नये म्हणून. म्हणलं, आता काळजी न्हाई. पोरीनं बघितलंय."

"मग मामाला... सभेत मामाला खाली का ओढलंस?"

"त्यो बोलला असता तर गाव म्हणलं असतं, धनगर म्हशीसाठी बोलतोय. नळाच्या आड येतोय. आमचं कोण ऐकतंय? म्हणलं, ह्यानं मधी तोंड घालून इस्कोट नको. शिकल्याली पोर हाय, वही हाय तिच्या हातात. ती बोलंल." तिनं पदर सारखा केला. "मरेस्तोवर इचारत हुता बघ. सगुणे, का वढलंस मला त्या दिशी? म्या म्हणायची, भ्याले. तुला मोजताना बघितलं हुतं, ते न्हाई सांगितलं कधी. त्यो तुला लेक म्हणायचा."